सत्तर वर्षांचा समुद्री पार्क बंद का पडला, पंपरूममधून सांगालोय

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. खानापूर तालुक्यातला एक मुलगा, बेळगावात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, मामा मालवणजवळ राहतो. त्याने विचारलंय, काका, अमेरिकेतलं मायामी सीक्वेरियम एवढं फेमस, एवढी गर्दी, १९५५ पासून चाललेलं, ते ऑक्टोबर २०२५ ला बंद का झालं, आणि आपल्या मालवणात सी-वर्ल्ड, म्हणजे तसलाच पार्क, होणार होतं ते झालं असतं तर चाललं असतं काय. आणि शेवटी असंही विचारलंय की फायनल इयरच्या प्रोजेक्टला डॉल्फिन टँकची फिल्टर सिस्टीम घेऊ काय. तिन्हीचं एकत्रच सांगतो, थोडं लांबंल.

मी शहापूरचा. डिप्लोमा झाल्यावर उद्यमबागेत पंपाच्या कारखान्यात लागलो, असेम्ब्ली आणि टेस्टिंग, पाच वर्षं. तिथून गल्फला गेलो आणि पुढची बावीस वर्षं डॉल्फिन, सील आणि मोठ्या माशांच्या टाक्यांचं पाणी सांभाळण्यात गेली. या कामाला लाईफ सपोर्ट म्हणतात. ट्रेनर वर स्टेजवर, डॉक्टर सकाळी येऊन जाणार, आणि आम्ही खाली पंपरूममध्ये तीन शिफ्टमध्ये. मायामीत मी काम केलेलं नाही, तिथलं जे लिहितोय ते सगळं जाहीर झालेलं आहे. पण खारं पाणी कसं वागतंय ते मायामीला आणि गल्फला वेगळं नसतंय, आणि माझं मत असं की असला पार्क आधी खाली पंपरूममध्ये पडायला लागतो, गेटवर दिसायला मग वीस-तीस वर्षं जातात.

सुरुवात कशी झाली बघ. १९३८ ला फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनजवळ समुद्राला अगदी लागून मरीन स्टुडिओज म्हणून जागा उघडली. मूळ कल्पना पाण्याखालचं शूटिंग करायची होती, म्हणून टाक्यांच्या भिंतीला खिडक्या ठेवल्या आणि समुद्राचं पाणी पंपाने आत घेतलं. लोकांची इतकी गर्दी झाली की शूटिंग बाजूला राहिलं आणि बघायला येणारे हाच धंदा झाला. तोवर जिवंत डॉल्फिन जवळून बघितलेला माणूस म्हणजे बहुतेक कोळी किंवा खलाशीच. मग १९५४ ला कॅलिफोर्नियात मरीनलँड ऑफ द पॅसिफिक, डिस्नेलँडच्याही एक वर्ष आधी, आणि १९५५ ला मायामीत व्हर्जिनिया की नावाच्या बेटावर सीक्वेरियम. जागा काउंटीची म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाची, पार्कवाल्यांनी लीजवर घेतलेली. हे लीज लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

मायामीला खरं नाव मिळवून दिलं फ्लिपर नावाच्या डॉल्फिनच्या गोष्टीने. १९६३ चा सिनेमा आणि १९६४ ते ६७ ची टीव्ही मालिका, तिचं बरंचसं शूटिंग तिथंच झालं आणि मालिकेत फ्लिपरचं काम करणाऱ्या डॉल्फिनणीही तिथल्याच. त्या काळी अमेरिकेत घराघरात ती मालिका बघत होते आणि बघितल्यावर पोरं आईबापाच्या मागं लागायची. त्या डॉल्फिनना शिकवणारा रिक ओ'बॅरी हा माणूस मात्र १९७० ला उलट फिरला. कॅथी नावाची त्याची डॉल्फिन त्याच्या हातात गेली, आणि तेव्हापासून तो डॉल्फिन पकडण्याच्या आणि कोंडण्याच्या विरोधात काम करतोय. आमच्या लाइनीत त्याचं नाव काढलं की काही जण चिडायचे. मला कधी राग आला नाही, कारण रात्रपाळीला खिडकीतून जे दिसतंय ते त्यालाही दिसलं असणार असं वाटायचं.

१९६८ ला तिथं ह्यूगो नावाचा ऑर्का आला, ज्याला किलर व्हेल म्हणतात तो. १९७० ला टोकिटाए आली, तिला पुढे लोलिता म्हणायला लागले. ८ ऑगस्ट १९७० ला वॉशिंग्टन राज्यात पेन कोव्ह नावाच्या खाडीत बोटींनी आणि स्फोटाच्या आवाजांनी ऑर्कांचे कळप जाळ्यात कोंडले, त्यातली सात पिल्लं विकली, काही जाळ्यात अडकून बुडून मेली. टोकिटाए तेव्हा साधारण चार वर्षांची होती. तिला ज्या टाकीत ठेवलं ती साधारण ८० फूट बाय ६० फूट, सगळ्यात खोल भाग २० फूट, आणि मध्ये ट्रेनरना उभं राहायला काँक्रीटचं बेट, म्हणजे सलग मोकळं पाणी आणखी कमी. प्राणी वाढून वीस फुटांच्या वर झाला. म्हणजे सरळ उभी राहिली तर शेपटी तळाला. ह्यूगो टाकीच्या भिंतींवर डोकं आपटायचा आणि १९८० ला तो मेला, मेंदूतली रक्तवाहिनी फुटून. त्यानंतर टोकिटाएला आपल्या जातीचा दुसरा प्राणी पुन्हा भेटला नाही. सोबतीला छोटे डॉल्फिन ठेवले होते, पण शेवटपर्यंत म्हणजे २०२३ पर्यंत तीच टाकी. ५३ वर्षं.

आता मेकॅनिकलवाल्याने विचार करायची गोष्ट ही. १९७० च्या आसपासचं ड्रॉइंग, तेव्हाच्या अंदाजाने बांधलेली टाकी, आणि त्यात राहणारा प्राणी पन्नास वर्षांच्या पुढे जगणारा. ऑर्काच्या माद्या समुद्रात ५० च्या पुढे सहज जातात, काही ८० पर्यंतही. डॉल्फिन चाळीस-पन्नास. त्या टाकीचं काँक्रीट, पाइपलाइन, पंप यातलं काय पन्नास वर्षं टिकतंय? आपल्याकडे विहिरीवरचा पंप गोड्या पाण्यात असून दर तीन वर्षांनी रिवाइंडिंगला येतो.

खारं पाणी काय करतंय ते उद्यमबागेत बसून कळत नाही. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार. दहा लाख लिटरची टाकी म्हटली, म्हणजे १००० घनमीटर, तर आत ३५ टन मीठ सतत फिरतंय. हे काँक्रीटमध्ये हळूहळू मुरतंय, सळीपर्यंत पोचलं की सळी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. वरून रंग मारला की दोन सीझन छान दिसतंय. मी असल्या भिंतींवर हातोडीने टकटक करून बघायचो, पोकळ आवाज आला की खडूने गोल काढायचा आणि रिपोर्टला लिहायचं, आणि पुढच्या वर्षी त्याच गोलावर नवीन निळा रंग आलेला असायचा.

आणि आपलं लाडकं कास्ट आयर्न, म्हणजे ओतीव लोखंड. आपण बेळगावचे लोक सीआय म्हटलं की छाती पुढं काढतो, फाउंड्रीचं गाव. खाऱ्या पाण्यात ग्रे कास्ट आयर्नमधलं लोखंड विरघळून जातंय आणि ग्राफाइट मागं राहतंय. बाहेरून केसिंग म्हणजे पंपाचं कवच जसंच्या तसं दिसतंय, माप बरोबर, रंग बरोबर, आणि चाकू लावला की पेन्सिलीसारखं खरवडून येतंय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. एसएस ३१६ या चांगल्या स्टेनलेस स्टीललाही ठिपक्या-ठिपक्यांनी भोकं पडतात. म्हणून पाइप यूपीव्हीसी नाहीतर एचडीपीई म्हणजे प्लास्टिकचे, फिल्टरचं शेल एफआरपी म्हणजे फायबरचं, पंपाला ड्युप्लेक्स स्टील किंवा ब्राँझ, पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरला टायटॅनियमच्या प्लेटा. हे सगळं महाग, आणि ज्या काळात हे पार्क बांधले गेले त्या काळात यातलं निम्मं मिळतही नव्हतं. समुद्रातून थेट पाणी घेतलं तर वर आणखी पाणी ओढणाऱ्या इनटेक पाइपात कालवं आणि शिंपले धरणार, सहा इंची पाइप दोन वर्षांत चार इंची होतो, आणि फ्लो मीटर नसेल तर कुणाला कळतही नाही.

थोडं गणित घे, प्रोजेक्टला उपयोगी पडंल. १००० घनमीटरची डॉल्फिनची टाकी, पाणी साधारण दीड तासात एकदा फिल्टरमधून पूर्ण फिरवायचं धर. म्हणजे तासाला ६७० घनमीटर. फिल्टर, पाइप, उंची सगळं धरून २० मीटर हेड, म्हणजे पंपाने तेवढं उंच पाणी चढवल्यासारखं. पाण्याची ताकद निघते ३६-३७ किलोवॅट, पंप आणि मोटर मिळून ७० टक्के एफिशियन्सी धरली की ५२ किलोवॅट. दिवसाला साडेबाराशे युनिट, फक्त पाणी गोल फिरवायला. आठ रुपयांनी दहा हजार रुपये रोज. यात चिलर नाही, जंतू मारायचा ओझोन नाही, बॅकवॉशमध्ये म्हणजे फिल्टर उलट्या पाण्याने धुण्यात जाणारं पाणी नाही. आणि हा खर्च त्या दिवशी तिकिटं दहा गेली की दहा हजार गेली, तेवढाच. सोमवारी पार्कला सुट्टी असते, पंपाला नसते.

खाणं तसंच. डॉल्फिन रोज आठ-दहा किलो मासे खातो, थोडा जास्तच. दहा डॉल्फिन म्हणजे वर्षाला पस्तीस-छत्तीस टन, आणि बाजारात उरलेले बांगडे-तारल्या चालत नाहीत, माणसाने खाण्याच्या दर्जाचे, मायनस १८ च्या खाली ठेवलेले, फ्रीजमध्ये हळू वितळवलेले आणि चोवीस तासांच्या आत वापरलेले. गोठवलेल्या माशात बी-वन जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून माशाच्या कल्ल्यात गोळ्या घालून द्यायच्या. डॉल्फिन समुद्राचं पाणी पीत नाही बरं का, त्याला लागणारं पाणी माशातूनच मिळतंय, म्हणजे मासा कमी दिला की तो उपाशीही राहतो आणि तहानलेलाही. हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

२०२१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या इन्स्पेक्टरनी मायामीच्या पार्कचा रिपोर्ट दिला. त्यात लिहिलं होतं की टोकिटाएचं रोजचं खाणं १५५ पौंडांवरून १३० वर आणलं, म्हणजे साधारण ७० किलोवरून ५९ वर, खराब मासे प्राण्यांना दिले गेले, आणि तिथल्या डॉक्टरने विरोध केला तरी ऐकलं नाही. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. ७० चे ५९ करून दिवसाला किती डॉलर वाचले असतील? एवढ्यासाठी खालचा माणूस असं करत नाही, वरून कुणीतरी प्रत्येक खात्याला अमुक टक्के कमी करा म्हणून सांगितलेलं असतंय, आणि प्रत्येक खातं आपापल्या परीने कापतंय. फिशरूम मासे कापणार, पंपरूम बॅकवॉश कापणार.

हे मी स्वतः बघितलंय. पार्कचं नाव घेत नाही. आमच्याकडे सँड फिल्टरमधली वाळू बदलायची वेळ झालेली होती. वाळू जुनी झाली की आत चर पडतात, पाणी सगळ्या थरातून न जाता त्या चरातून सरळ निघून जातंय. गेज ठीक दाखवतो, पंप ठीक चालतो, फक्त पाणी साफ होत नाही. मी लिहून दिलं. त्याच वर्षी गेटचं नवीन काम निघालं, कमान, लायटिंग, कारंजं, आणि वाळू पुढच्या वर्षावर ढकलली. पुढच्या वर्षी परत. मग पाणी ढगाळ व्हायला लागलं तसं क्लोरीन वाढवलं. लोकांना वाटतं स्विमिंग पूलचा तो वास म्हणजे स्वच्छतेचा वास, पण तो क्लोरीन आणि लघवीतला अमोनिया मिळून तयार होणाऱ्या क्लोरामाइनचा वास असतो, म्हणजे घाण अजून पाण्यात आहे याची खूण. चांगल्या टाकीला समुद्राचा वास यायला पाहिजे. त्या महिन्यांत आमच्या टाकीला पूलचा वास यायचा, आणि डॉल्फिन डोळे अर्धे मिटून पोहायचे. शोच्या वेळी वर गाणी लागलेली असायची, लोक टाळ्या वाजवायचे, एवढ्या लांबून डोळे कुणाला दिसणार.

त्यांच्यात एक म्हातारी मादी होती. रात्री दोन-तीनला मी राउंडला गेलो की पंपरूमच्या बाजूच्या छोट्या खिडकीशी यायची आणि मी रीडिंग घेईपर्यंत तिथंच थांबायची. एका रात्री लाईट गेली आणि जनरेटर उचलला नाही, चाळीस मिनिटं पंप बंद. पंपरूममध्ये कायम एक घुमणारा आवाज असतो, इतकी वर्षं ऐकून आपल्याला तो ऐकू येत नाही, बंद झाला की मात्र कान बधिर झाल्यासारखे होतात. त्या चाळीस मिनिटांत सगळे डॉल्फिन एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून वर तरंगत होते, आणि ती म्हातारी तेवढी खिडकीशी होती. तिला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही, माझ्या अंगाला मात्र कापरं भरलं होतं. त्या पोरांचं सगळं जगणं एका बॅटरीवर आणि एका स्टार्टरवर टांगलेलं आहे हे मला त्या दिवसापर्यंत कागदावरच माहीत होतं. वाळू त्यानंतर तीन महिन्यांनी आली.

तर मायामी. मालक बदलत गेले. २०१४ ला एका मोठ्या पार्क कंपनीने घेतलं, मार्च २०२२ ला मेक्सिकोच्या द डॉल्फिन कंपनीकडे गेलं. नव्या मालकाला जे लायसन्स मिळालं त्यात व्हेल स्टेडियम धरलेलंच नव्हतं, म्हणजे टोकिटाए आणि तिची टाकी लोकांना दाखवायची बंद. ज्या प्राण्याच्या जोरावर पन्नास वर्षं तिकिटं विकली तो प्राणी आता फक्त खर्चाच्या बाजूला आला. त्या शेवटच्या काळात तिला मदत करणाऱ्या लोकांनी पैसे घालून नवीन फिल्टर, ओझोन, चिलर बसवून दिले. तिथल्या पंपरूममधल्या माणसांना त्या दिवशी काय वाटलं असंल ते मी समजू शकतो. मार्च २०२३ ला जाहीर झालं की तिला परत वॉशिंग्टनच्या समुद्रात न्यायचं, आणि १८ ऑगस्ट २०२३ ला ती गेली. अंदाजे ५७ वर्षांची होती.

पुढं भराभर झालं. मार्च २०२४ ला काउंटीने लीज रद्द करायची नोटीस दिली, प्राण्यांची आणि बांधकामांची हालत हेच कारण. पार्कवाले कोर्टात गेले. मार्च २०२५ ला द डॉल्फिन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि १२ ऑक्टोबर २०२५ हा लोकांसाठी शेवटचा दिवस झाला. आता तू म्हणशील की मग आंदोलनवाल्यांनी बंद पाडलं. त्यांचा वाटा आहेच, २०१३ नंतर अमेरिकेत लोकांचं मनच बदललं, सीवर्ल्डसारख्या मोठ्या अमेरिकन पार्क कंपनीनेही २०१६ ला ऑर्काचं ब्रीडिंग बंद करतो म्हणून जाहीर केलं. पण आंदोलनवाले मायामीच्या गेटवर कित्येक वर्षं उभे होते आणि पार्क चालूच होता. टाकी नवीन बांधायची वेळ १९८० लाच आली होती, ह्यूगो गेला तेव्हा. तेव्हा गर्दी होती, पैसा होता. गर्दी होती म्हणूनच कुणाला गरज वाटली नाही.

प्रत्येक पार्क असाच पडतो असंही नाही. कॅलिफोर्नियाचं मरीनलँड सीवर्ल्डच्याच मालक कंपनीने विकत घेतलं आणि १९८७ च्या सुरुवातीला बंद करून टाकलं, ऑर्की आणि कॉर्की हे दोन ऑर्का तिथून सॅन दिएगोला हलवले. प्राणी पाहिजे होते, जागा नको होती. आज त्या कड्यावर रिसॉर्ट आहे.

फ्रान्सचं उदाहरण मला जास्त लागतं. अँटिब्सचं मरीनलँड, १९७० ला सुरू झालेलं, भूमध्य समुद्राच्या काठाला. ऑक्टोबर २०१५ ला तिथं मोठा पूर आला, चिखलाचं पाणी पार्कात घुसलं, वीज गेली, फिल्टर सगळे गाळाने भरले, प्राणी मेले, आणि व्हॅलेंटिन नावाचा ऑर्का थोड्याच दिवसांत गेला. पार्क काही महिने बंद ठेवावा लागला. नंतर २०२१ ला फ्रान्सने कायदा केला की डिसेंबर २०२६ पासून डॉल्फिन-ऑर्काचे शो बंद, मग पार्कने ५ जानेवारी २०२५ लाच गेट बंद केलं. आणि विकी आणि केइजो हे दोन ऑर्का, मायलेक, आणि बारा डॉल्फिन आतच. कुठल्या देशात न्यायचं, कोण घेणार, कोण परवानगी देणार यावर कित्येक महिने भांडण, आणि तोवर बंद पार्कात पंप चालू, माणसं रोज मासे देत राहिली. हॉटेल बंद झालं तर कुलूप लावून घरी जाता येतंय. याला कुलूप लावता येत नाही.

आता मालवण. आपल्याकडची माणसं दिवाळीच्या सुट्टीत चोर्ला नाहीतर आंबोली उतरून गोवा-मालवणला जातात, बोटीतून डॉल्फिन बघतात, पोरं ओरडतात, त्यामुळे इथं पार्क झाला तर बेळगाव, कोल्हापूर, हुबळी सगळीकडून गर्दी येणार हे गणित चुकीचं नव्हतं. गर्दी आलीच असती. तोंडवळी-वायंगणीला सी-वर्ल्ड करायचं ठरत होतं, जमिनीवरून गावकऱ्यांनी विरोध केला आणि ते कागदावरच राहिलं. गावकरी आपल्या जमिनीसाठी उभे राहिले, मला ते बरोबरच वाटतं. पण तू इंजिनिअर म्हणून बघ. जूनला पाऊस लागला की कोकणातल्या खाड्या-नद्या लाल पाणी समुद्रात ओततात. खारटपणा एकदम खाली, गाळ एकदम वर. इनटेक कितीही पुढं नेलास तरी ते तीन-चार महिने पाणी आत घेणं मुश्कील, म्हणजे तेवढा काळ आत आहे तेच पाणी साफ करून फिरवायचं, त्यासाठी दुप्पट फिल्टर, मोठा साठा. त्याच महिन्यांत जून-जुलैला मासेमारी बंद, म्हणजे कोल्ड स्टोरेजमध्ये आधीच टनाने मासे भरून ठेवायचे. त्याच महिन्यांत लाईट जाते. आणि त्याच महिन्यांत पर्यटक नाही. चारही गोष्टी एकाच वेळी.

शिवाय कायद्याने आता हा प्रश्नच उरलेला नाही. १७ मे २०१३ ला सेंट्रल झू ऑथॉरिटीने, म्हणजे प्राणिसंग्रहालयांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, देशभर सांगून टाकलं की डॉल्फिनेरियमला परवानगी द्यायची नाही. त्याच्या आधी चेन्नईजवळ नव्वदच्या दशकाच्या शेवटी हा प्रयोग होऊन गेलाय, बल्गेरियातून डॉल्फिन आणले होते आणि ते थोड्याच महिन्यांत मेले. माझ्या लहानपणी सरदार हायस्कूलच्या ग्राउंडवर सर्कस लागायची, वाघ-सिंह असायचे, आम्ही पिंजऱ्याजवळ जाऊन वास घेऊन यायचो. १९९८ ला सरकारने ते बंद केलं, २००१ ला सुप्रीम कोर्टाने तेच कायम ठेवलं. आज बेळगावात कुणाला त्याची चुटपुट लागलीय असं मला दिसत नाही.

तिसरा प्रश्न, प्रोजेक्ट. डॉल्फिन टँक घेऊ नको. गाइड सर पहिलाच प्रश्न विचारतील की हे भारतात बांधायला परवानगी आहे काय. त्यापेक्षा कासवाची उपचाराची टाकी घे. कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं येतात, जाळ्यात अडकून पाय कापलेली, थकलेली कासवं वाळूवर येऊन पडतात, त्यांना काही आठवडे खाऱ्या पाण्यात ठेवायला लागतंय आणि बरी झाली की सोडून द्यायची. २० घनमीटरची टाकी, तासाला एक टर्नओव्हर म्हणजे सगळं पाणी एकदा फिरवायचं, १२ मीटर हेड, सव्वा किलोवॅटच्या आतच काम होतंय, म्हणजे दोन एचपीची मोटर. पण पंप दोन घाल, एक चालू एक स्टँडबाय, आणि प्रत्येकाला वेगळा आयसोलेशन व्हॉल्व्ह. एफआरपी सँड फिल्टर, यूपीव्हीसी पाइप, वाळू काढायला हात जाईल एवढं तोंड, हे विसरू नको, बऱ्याच डिझाइनमध्ये वाळू भरायला जागा असते आणि काढायला नसते. इनव्हर्टरवर निदान हवेचा ब्लोअर चालायला पाहिजे. आणि टाकी दोन भागांत कर, कारण एक पेशंट गेला की तो भाग रिकामा करून, घासून, वाळवून मगच दुसरा आत घ्यायचा. पार्कात आम्हाला हेच कधी करता यायचं नाही, प्राणी काढून ठेवायला दुसरी जागाच नसायची.

पंप आपल्याकडचाच घे, पण मटेरियल विचारून घे. रविवारी सकाळी उद्यमबागेत असतो मी, मित्राच्या शेडमध्ये. तिकडून आणलेला एक जुना सीआय इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं चाक, ठेवलाय, चौदा महिने खाऱ्या पाण्यात चाललेला. येताना खिशात एखादा चाकू घेऊन ये, स्वतः खरवडून बघ.